साठ टब आणि एक सरळसोट भिंत

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घ्या. का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत आणि कारखाना तुमच्यावाचून अगदी झकास चाललाय, एवढं कळवावं म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

वृद्धाश्रमाच्या आंघोळीच्या साठ टबांवरून आपलं वाजलं, त्याला आज तीन आठवडे झाले. तुमचं म्हणणं, रोटो मोल्डिंगच करू; पोकळ साच्यात पावडर भरायची, साचा भट्टीत तासभर गरगर फिरवायचा, म्हणजे प्लॅस्टिक वितळून सगळीकडे सारखं बसतं. माझं म्हणणं, एका टबाला एक तास, म्हणजे तोवर ते म्हातारे आणखी म्हातारे होतील! त्यापेक्षा व्हॅक्यूम फॉर्मिंग. प्लॅस्टिकचा पत्रा तापवला, साच्यावर टाकला, खालून हवा खेचली, पाच मिनिटांत टब. तुम्ही म्हणालात, एवढ्या खोल टबाला पत्रा ताणून ताणून काठाशी पापुद्रा उरेल. मी म्हणालो, तुमच्या भट्टीचे दिवस गेले. तुम्ही जेवणाचा डबा उचललात आणि चालू पडलात. (मधे इंजेक्शन मोल्डिंगचंही माझ्या डोक्यात होतं. पण त्याला आपल्या शेडपेक्षा मोठं यंत्र लागतं, आणि तो पोलादी साचा हजारो नग काढले तरच परवडतो म्हणे. मी आश्रमाच्या बाईंना फोन करून विचारलं, म्हातारे थोडे वाढवता येतील का. त्यांनी फोन ठेवला.)

आता खरी गंमत ऐका. आपल्या जुन्या लाकडी साच्याला तुम्ही चारी बाजूंनी जो उतार दिला होता ना, तो मला उगाच जागा खाणारा वाटला. सुताराकडून रंधा मारून भिंती सरळसोट करून घेतल्या. काय देखणा दिसत होता साचा! पहिला टब पाच मिनिटांत झाला, खोटं कशाला बोलू. पण गार होताना प्लॅस्टिक आकसलं आणि साच्याला जे चिकटून बसलं ते सोडायलाच तयार नाही. फोरमनने हातोडी चालवली, वेल्डरने शिव्या चालवल्या, कारखान्यातल्या सहाही कामगारांनी मिळून ओढलं. शेवटी मी साच्यावर पाय रोवून असा हिसका दिला की टब जागेवर राहिला आणि कंबर निघाली.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून पुन्हा उतार करून घेतला. (ही कबुली नव्हे, सुतार रिकामाच बसला होता.) दुसरा टब सुटला एकदाचा. तो बघायला आश्रमाच्या बाई आल्या, सोबत तिथल्या एक आजी, कारण वापरणाऱ्यानेच पारखावं असं बाईंचं मत. आजी चपला काढून कोरड्या टबात ऐटीत बसल्या, पाय पसरले, खूश झाल्या. मग उठायला म्हणून त्यांनी काठावर हाताचा भार दिला आणि काठ चक्क आत दुमडला. फोरमनने त्यांना वरच्यावर धरलं म्हणून निभावलं. लागलं काही नाही. माझाच चेहरा पडलेला पाहून त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळा, टब छान केलास रे, पण मला उठायचंही असतं."

दाजी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आपला पाच मिनिटं आणि एक तास यांची तुलना करत बसलो. तो काठ कोण धरणार आहे, हे एकदाही मनात आलं नाही.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार.

तुमचा (काही बाबतींत अजूनही बरोबर असलेला)
मेहुणा

ता. क. : इकडे हवा छान आहे. सहज फिरायला या. येताना भट्टीच्या तापमानाची तुमची ती वही आणा, सहज चाळायला.

ता. क. २ : सहज वगैरे काही नाही. बाईंनी आठ दिवस दिलेत. ऑर्डर गेली तर सहांतल्या तिघांना घरी बसवावं लागेल, आणि ते कोणाला सांगायची माझी छाती नाही. नवा नमुना रोटोचा येईल आणि तो तुम्ही करताय, असं मी बाईंना सांगून मोकळा झालोय. (तुम्हाला न विचारता.)

ता. क. ३ : ऑर्डर राहो नाहीतर जावो, तुम्ही या. भट्टीबद्दल जे बोललो ते तुम्हाला कुठे लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच बोललो. चुकलो.