आईंच्या फोनवरचा ओटीपी

गुरुवार, नोएडा

पानिपतचं काम झालं, पण त्या आईंचा फोन काही डोक्यातून जात नाही.

त्यांच्या तीन मुलांनी चादरींचा धंदा वाटून घेतलाय. आमच्या कंपनीचं क्लाउडवरचं ॲप आता प्रत्येकाच्या वेगळ्या डोमेनवर, लॉगिनही वेगळं. ओटीपी मात्र तिघांचेही आईंच्या फोनवर! रोज सकाळी तिघं त्यांना फोन करून विचारायचे.

आज त्यांच्याच घरी बसून मी तिघांना म्हटलं, हे बिलकूल सुरक्षित नाही, आपापले नंबर द्या. दिले.

आई म्हणाल्या, "बेटा, फिर ये मुझे फोन क्यों करेंगे?"

माझं बरोबरच होतं. होतं ना?

नव्या नंबरांवर तिन्ही लॉगिन पहिल्याच झटक्यात झाली. आईंनी मांडीवरचा फोन दोनदा उलटून पाहिला.