स्तामातीसच्या सॉसचा वास

पॉटकेट, ११ मार्च १९७४

ती. पोलिक्सेनीताईस,
स्तामातीसचा सा. न. वि. वि.

थ्रासोसभावजींनी मागितलेला आपल्या सॉसचा मसाला सोबत पाठवतोय. त्यांना म्हणावं, तुमच्या फ्लिंटच्या हॉट डॉगवरच्या कोरड्या खिम्याला सॉस म्हणायचं धाडस तुम्हीच करा. इथे माझ्या दुकानात वाफवलेला पाव, त्यात वीनरचं बारीक सॉसेज, मोहरी, ओला सॉस, कांदा आणि सेलरीचं मीठ एवढं जमल्याशिवाय गिरणीवाले बाकावरून हलत नाहीत. मी अजून डाव्या हातावर एका ओळीत आठ पाव मांडून भरतो. आमची ही, आसिमिना, त्यावरूनही बोलतेच.

हल्ली गिऱ्हाइकं जरा कुरकुरताहेत. आर्मां बारा वर्षं रोज चार वीनर खातो. परवा अर्धा टाकून उठला आणि म्हणाला, लवंगांची बरणी उपडी केलीस की काय. मसालेवाला बदलला, म्हणून असेल. मागच्या महिन्यात बर्फावरून घसरून डोकं आपटलं होतं, पण आता टेंगूळही उतरलं. काळजी करू नकोस.

तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझा,
स्तामातीस


फ्लिंट, १९ मार्च १९७४

चि. स्तामातीस यास अनेक आशीर्वाद.

पुडकं मिळालं. उघडलं आणि मी दोन पावलं मागे झाले. मसाल्याला रॉकेलचा भपकारा येत होता. थ्रासोस म्हणाले, तुझा भाऊ आपलं दुकान जाळायला निघालाय का. ते हसले, मला हसू आलं नाही. तू ते हातांनी बांधलंस, नाकासमोर धरून दोरी आवळली असशील. तुला कळलं कसं नाही?

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. लवंगा, आर्मां, डोक्यावरचा मार. बाबा छपरावरून पडले त्यानंतर आई मासे करपवायची आणि ते शेजारी बसून शांतपणे पेपर वाचायचे, आठवतंय? तू तेव्हा लहान होतास. त्यांना मरेपर्यंत कशाचा वास आला नाही.

खरं सांग. कांदा कापून नाकाशी धर आणि काय होतं ते लिही. दुकानातली ती जुनी गॅसची शेगडी डोळ्यांपुढून हलत नाही माझ्या. उलट टपाली उत्तर दे.

तुझी,
पोलिक्सेनीताई


पॉटकेट, २७ मार्च १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

कांदा धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला. कॉफी नाही, साबण नाही, लेकीचे धुतलेले केस नाहीत. सहा आठवडे झाले. सॉस मी आता अंदाजाने करतो. ढवळतो, चाखतो, जिभेला खारट आणि तिखट तेवढं समजतं. मग गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. पहिला घास घेऊन कुणी थांबलं की मी पुन्हा पातेल्याशी जाऊन चाखतो.

रॉकेलचा डबा मसाल्याच्या फळीवर कलंडला होता. तो मसाला मी दुकानाच्या सॉसमध्ये वापरला नाही, हे नशीब. वापरला असता तरी मला कळलं नसतं.

आसिमिनाला यातलं काही सांगू नकोस. दुकान म्हणजे तो सॉस आणि सॉस म्हणजे मी, असं ती सगळ्यांना सांगते. गॅसचं म्हणशील तर मी बटणं दोनदा तपासतो. मी काय कुकुलं बाळ आहे?

ताई, माझी शपथ आहे तुला.
स्तामातीस


फ्लिंट, २ एप्रिल १९७४

चि. स्तामातीस यास आशीर्वाद.

तुझी शपथ मी मोडली. आसिमिनाला वेगळ्या पाकिटात सगळं लिहिलंय, तेही याच टपालाने निघेल. रागाव, बोलू नकोस, ईस्टरला फोन करू नकोस. सॉस बिघडला तर लोक दुसऱ्या दुकानात जातील. ज्या गोष्टीला मी भिते आहे ती बटणं दोनदा तपासून टळत नाही रे. तिचा पत्ता फक्त नाकाला लागतो.

माझ्यावर कितीही चिडलास तरी शेगडीजवळ एकटा उभा राहू नकोस.

तुझी,
ताई


पॉटकेट, ९ एप्रिल १९७४

ती. सौ. पोलिक्सेनीवन्सं यांस,
आसिमिनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी आलं. रविवारभर मी त्यांच्याशी बोलले नाही. जवळजवळ दोन महिने मी त्यांच्या शेजारी जेवले आणि मला पत्ता नाही, याचाच राग जास्त होता. काल सोमवारी ते नेहमीसारखे पुढे गेले. मी मुलीला शाळेत सोडून मागून निघाले, भांडायलाच.

दुकानाचं दार ढकललं तर गॅसच गॅस. सॉस मंद आचेवर ठेवून ते तळघरात कांदे आणायला गेले होते. मागच्या दाराच्या वाऱ्याने आच विझली होती आणि बटण उघडंच राहिलं. वर आल्यावर त्यांना दिसलं एवढंच, की आच गेलीय. त्यांच्या एका हातात काडेपेटी होती, दुसऱ्यात काडी. मला बघून म्हणाले, आलीस का, अजून चिडलीयेस?

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. काडी हिसकावली, दंडाला धरून त्यांना रस्त्यावर ओढलं. ते सारखे विचारत होते, काय झालं, अगं काय झालं. समोरून आर्मां येत होता. तो दारापाशी येताच नाकावर रुमाल धरून मागे पळाला. त्याचं तोंड बघून मग ह्यांना कळलं. फूटपाथवरच बसले.

गॅसवाल्याने दुपारी शेगडी बदलली. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, किंवा येणारही नाही. आता मी रोज त्यांच्याबरोबर जाणार. सॉस मी चाखणार. त्यांनी हं म्हटलंय.

आज सकाळी मी आधी आत जाऊन आले. खिडक्या उघडल्या, सगळीकडे हुंगलं आणि या म्हटलं. ते उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. मी पुन्हा म्हटलं, काही नाही, या. पाय उचलेना. म्हणाले, काल पण मला काही नव्हतंच वाटलं. मी बाहेर येऊन त्यांचा हात धरला. खरं सांगते वन्सं, आत जायची भीती मलाही वाटत होती. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. पाचसहा जण आमच्या मागे येऊन उभे राहिले. कुणी घाई केली नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग त्यांनी मला विचारलं, खात्री आहे ना तुझी. मी हो म्हटलं. ते आत गेले.

ईस्टरला फोन तेच करणार आहेत, पण तुम्ही वाट बघू नका, आधी तुम्हीच करा. आम्हां दोघांवर जीव असू द्या.

आपली,
आसिमिना