हवं तेव्हा सुरू करा

ती. आत्या,

तुला इथूनच वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा वाकलो तेवढं गोड मानून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? मी ठणठणीत आहे असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते काही खरं नव्हतं. गेले तीन महिने व्हायोलिन वाजवताना माझा उजवा हात थरथरतो. भरभर वाजवताना कळत नाही, पण एखादा लांब, संथ सूर आला की गज तारेवर असा नाचतो की विचारू नकोस. वाद्यवृंदात कळलं तर खुर्ची जाईल, या भीतीनं मी चकार शब्द काढला नाही. बायकोला खांदा दुखतो म्हणून सांगितलं. (तिनं शेकायची पिशवी दिली. तीन महिने धडधाकट खांदा शेकतोय.)

तर आमच्या ऑफिसला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, वादकांचं मन ठीक राहावं म्हणून त्यांनी एक समुपदेशक बाई बोलावल्या. तालमीच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या. बाई गोड आवाजात म्हणाल्या, मनात असेल ते बोला, हवं तेव्हा सुरू करा. आता आम्हा लोकांना जन्मात कुणी असं सांगितलेलं नाही गं! संचालकांची छडी हलल्याशिवाय आम्ही श्वाससुद्धा घेत नाही. वीस मिनिटं सगळे चिडीचूप. झांजवाला तर (सबंध कार्यक्रमात दोनदाच वाजवतो, बाकी वेळ मोजत बसतो) ओठ हलवून मात्रा मोजायला लागला. शेवटी बाईंनी कंटाळून, केस मागे सारायला पेनसकट हात वर नेला आणि खाली आणला. झालं! आम्ही बत्तीस जणांनी एकदम श्वास घेतला आणि एकदम बोलायला लागलो.

काय गदारोळ म्हणून सांगू! चेलोवाली झोप येत नाही म्हणत होती, झांजवाला चुकीच्या मात्रेवर झांज आपटल्याची स्वप्नं पडतात म्हणून ओरडत होता, मी हात थरथरतो म्हणालो, आणि अकरा वर्षं माझ्याच स्टँडवरचे कागद वाचणारा शेजारी नेमकं तेच म्हणाला. वाजवताना दोघांचीही नजर कागदावर आणि आपापल्या गजावर, दुसऱ्याचा हात बघतो कोण? मी त्याला दगडासारखा समजत होतो, तो मला. आम्ही आधी हसलो, मग चक्क रडलो. फार हलकं वाटलं बघ. व्यवस्थापक म्हणाले, कुणाची खुर्ची जाणार नाही (काढायचं तर अख्खा वाद्यवृंदच काढावा लागेल). बाई आता दर मंगळवारी येतात. हात खिशात ठेवून बसतात.

मजेत आहे, काळजी नसावी.

तुझा भाचा

ता. क. हात अजून थरथरतो. पण कमी.

आणखी ता. क. मागच्या तिन्ही कार्यक्रमांची तिकिटं संपली म्हणून तुला कळवलं, ते साफ खोटं. अर्धा हॉल रिकामा होता. लहानपणी तूच माझं मनगट धरून पहिला गज ओढायला शिकवलंस, आणि तोच हात तुला असा दिसू नये, एवढंच मनात होतं. शनिवारचं तिकीट सोबत जोडलंय, पहिल्या रांगेतलं. ये, आणि माझ्या हाताकडेच बघ.