पायऱ्यांवरच्या बायका

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, २२ एप्रिल १९८६

प्रिय विमला,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी होत्या, पण अक्षर सरळ होतं, त्यावरून बरी आहेस असं धरून चालले आहे. मीही बरी आहे. म्हणजे उठते, अंघोळ करते, देवाला फुलं वाहते, आबा कोर्टात निघाले की त्यांच्या हातात डबा देते. परवा आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. आबांनी निमूट खाल्ली. अक्कांनी मात्र वाटी सरकवली आणि म्हणाल्या, "शालू, ही आमटी हाय का समिंदर?" मी चाखून पाहिली. मला काही कळलं नाही. पाय झोपतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाचा तरी पाय वाटतो, तसं माझं सगळंच होऊन बसलं आहे. नृसिंहला जाऊन दीड वर्ष होत आलं. तुझंही असंच आहे का? आपलं विचारायचं म्हणून विचारते. उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

तुमच्या मुख्याध्यापिका महाद्वार रोडला भेटल्या. मेच्या मध्यापर्यंत तुझी जागा राखून ठेवतील, त्यानंतर मात्र जाहिरात द्यावी लागेल म्हणाल्या. नववीच्या मुली विज्ञानाच्या तासाला तुझं नाव काढतात म्हणे. तिकडे गडहिंग्लजच्या शाळेत तुझ्या दादांनी शब्द टाकून ठेवला आहे, हे तुझ्या कार्डावरून समजलं. माहेर जवळ, शाळा जवळ, दादा म्हणतात त्यात चूक काही नाही. कोल्हापूर की गडहिंग्लज ते तू ठरव. माझ्या शब्दाला सध्या काही वजन आहे असं माझं मलाच वाटत नाही. तुझी खोली आहे तशीच आहे. खिडकी रोज उघडते आणि दिवेलागणीला लावून घेते.

मनातून जात नाही ती संक्रांत. नृसिंहचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. घरातले सण-वार पुन्हा सुरू करा असं आबाच म्हणाले, म्हणून हळदीकुंकू केलं. बायका यायला लागल्या तशी तू तिळगुळाचं ताट माझ्या हातात दिलंस आणि आत गेलीस. तुला जा असं कुणी म्हटलं नाही. थांब असंही कुणी म्हटलं नाही. थोड्या वेळानं मी पाणी घ्यायला आत आले, तर मागच्या खोलीत तू आणि अक्का शेजारी शेजारी बसून खणांच्या घड्या घालत होतात. आबांची ही थोरली बहीण विशीत विधवा होऊन नेसरीहून परत आली, तेव्हापासून प्रत्येक हळदीकुंकवाला ती त्याच जागी बसते. डाळ वाटते, घड्या घालते, बाहेरचं हसणं ऐकते. त्या जागेवर दोघी मावतात हे मला त्या दिवशी कळलं. आठवड्यानं तू बॅग भरलीस.

असो. आता चैत्र आला आहे, आणि गौरीपुढची आरास करायची की नाही हा प्रश्न आला. मागच्या वर्षी अर्थातच केली नव्हती. तू लग्न होऊन आलीस तेव्हा आराशीच्या पायऱ्यांवर पाच बाहुल्या होत्या. त्या कशा आल्या ते तुला पुरतं ठाऊक नसेल. बेळगावला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात आम्हांला सिस्टर अग्नेस होत्या. शनिवारी दुपारी त्या शिवणाचा तास घेत आणि आमचे हात चालू असताना थोर बायकांच्या गोष्टी सांगत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मादाम क्यूरी, हेलन केलर. माझ्या डोक्यात या बायका कायमच्या टाक्यांशीच शिवल्या गेल्या. पुढे रशियातली ती मुलगी अंतराळात जाऊन आली. तिचा फोटो वर्तमानपत्रात पाहिला आणि वाटलं, आपल्या गौरीपुढे दरवर्षी तेच प्लास्टिकचे हत्ती आणि रबरी पोपट कशाला मांडायचे? त्या चैत्रात मी चौघी केल्या. अंतराळवाल्या व्हॅलेंतिनाचं शिरस्त्राण पिंगपाँगच्या चेंडूचं होतं. मग सावित्रीबाई केल्या, एक लुगडं अंगावर आणि एक पिशवीत. सासूबाईंना मी हे काय थेर काढलं आहे असं वाटेल अशी भीती होती. पण त्यांनी एकेकीला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आल्यात न्हवं घरात? मग कुंकू लाव. आपल्या दारातनं बाई बिनकुंकवाची जात न्हाय." तेव्हापासून आपल्याकडे पाहुण्या यायच्या आधी बाहुल्यांना हळदीकुंकू लागतं. नृसिंह तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. नाइटिंगेलबाईच्या गालाला हळद बघून मला म्हणाला, "मम्मी, नर्सबाईला हळद लागली की गं! आता नवरा कुठनं आणायचा?" पुढे कितीतरी वर्षं आम्ही हसायचो त्याला.

मग तू आलीस आणि मदर तेरेसा आल्या. निळ्या काठासाठी तू माझ्या जुन्या साडीची किनार मागितलीस. तुझ्या हातची बाहुली मी शिवलेल्या पाचांशेजारी ठेवली आणि माझ्या पाचही जणी एकदम बावळट दिसायला लागल्या. चेहरा तुझा असतो. मी डोळे म्हणजे दोन काळे टाके घालते. तू घातलेले डोळे कुणाकडे तरी बघत असतात. इंदिराबाई गेल्या तेव्हा दोन दिवस आपण सगळे रेडिओपाशी होतो. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, येत्या चैत्राला आपण त्यांना करू. नृसिंहनं केसांतली पांढरी बट माझ्यावर सोपव म्हणून सांगितलं आणि मोटरसायकल काढून पांढऱ्या रेशमाची लडी घेऊन आला. एका बटेला एवढी मोठी लडी! तू त्याला म्हणालीस, "सगळ्या गल्लीला म्हातारं करायचंय का?" त्यानंतर महिनाही गेला नाही. संध्याकाळी कागलकडून येताना रस्त्यात बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी होती. एवढंच मला लिहिता येतं. त्यापुढचं तुला आणि मला सारखंच ठाऊक आहे.

काल मी ती बाहुल्यांची पेटी माळ्यावरून उतरवून घेतली. मन होतं म्हणून नव्हे, चैत्रात ती उतरते म्हणून. अक्का समोर पाटावर बसून कैऱ्या सोलत होत्या. दरवर्षीचं पहिलं काम म्हणजे बाहुल्यांच्या कपाळावरचं जुनं कुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढायचं. मी मादाम क्यूरीला हातात घेतलं आणि पुसायला लागले. ओलं फडकं आणि कपाळ. तुला सांगायला नको. हात तिथेच थांबला. आणि सिस्टर अग्नेसचा आवाज इतक्या वर्षांनी जसाच्या तसा कानात आला, की पॅरिसच्या रस्त्यावर पाऊस पडत होता, ओझ्याची घोडागाडी येत होती, आणि तिचा नवरा त्या गाडीखाली गेला. पुढे काही महिन्यांनी ती त्याच्या जागेवर शिकवायला उभी राहिली. मुलांना वाटलं ती आधी त्याच्याबद्दल काही बोलेल, पण तो जिथे थांबला होता त्याच्या पुढच्याच वाक्यापासून तिनं सुरुवात केली. त्यावर मी निबंध लिहिला होता. मला बक्षीस मिळालं होतं, विमला, इंग्रजी बायबल. इतकी वर्षं मी या बाईला कुंकू लावत आले आणि तो रस्ता, ती गाडी, हे सगळं मला पाठ होतं.

अक्का म्हणाल्या, "थांबलीस का गं? कोन ही?" मी नाव सांगितलं. "न्हवरा हाय?" होता, म्हटलं, गाडीखाली गेला. मंडईतल्या वांग्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं मी. अक्कांची सुरी थांबली. मग त्यांनी सुरीनंच एकेकीला दाखवत विचारायला सुरुवात केली. सावित्रीबाई? त्यांचेही आधी गेले. ती पांढऱ्या टोपीची? लग्नच केलं नाही. पुस्तकवाली? हेलन केलरनंही नाही. ही निळ्या काठाची? ती जोगीणच, अक्का. आणि ही अर्धवट राहिलेली, बिनतोंडाची? इंदिराबाईंचे तर फार पूर्वी वारले. व्हॅलेंतिनाचं मी म्हटलं, लग्न झालेलं वाचलं होतं, पुढचं काही ठाऊक नाही. "तिला सोड," अक्का म्हणाल्या, "ती आभाळात हाय."

मग त्या एकदम हसायला लागल्या. "मंजे तुझ्या पायऱ्यांवर एक बी सवाशीन न्हाय की गं! इतकी वर्सं इधवांस्नी कुंकू लावतीयास, त्यास्नी बगाय गल्ली लोटतीया, आन मी हितं आत डाळ वाटतीया!" खोकला लागेपर्यंत हसल्या. मी पाणी दिलं. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही, पण झोपलेल्या पायाला पहिल्यांदा मुंग्या येतात तसं हाताला काहीतरी झालं. पाणी पिऊन अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, पुढची कैरी उचलली आणि म्हणाल्या, "औंदा डाळ तू वाट. मी भाईर बसनार." कुठे बसणार, असं मी विचारलं. "त्या मडमेच्या शेजारी," म्हणाल्या.

सकाळपासून मी एकच गोष्ट आठवते आहे. बोर्डिंगात कुंकू लावायची परवानगी नव्हती. सुट्टीला घरी निघाले की मोटारस्टँडवर पेटीवर बसून मी आधी कपाळाला कुंकू लावायचे. बोटानंच, आरशाशिवाय. माझं वय बारा. ते कुणाच्या नावाचं नव्हतं. मला आवडायचं म्हणून होतं.

तर पत्र लिहायचं कारण असं. शुक्रवारी, दोन तारखेला, हळदीकुंकू ठरवलं आहे आणि गल्लीत सांगूनही झालं आहे. सांगताना मी एवढंच सांगितलं की या वर्षी दारात करंडा घेऊन आमची विमला उभी राहील आणि कुंकू तीच लावेल. तुला न विचारता सांगितलं. आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी बरं म्हटलं असतं. समोरच्या तानाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमास्नी न्हाय बाई जमायचं." अक्का खिडकीतूनच ओरडल्या, "ऱ्हाऊ दे, तुझी डाळ वाचली!" आबांनी आज पायऱ्यांची फळी स्वतः पुसून ठेवली. तू स्वतः कुंकू लावावंस की नाही हे मी सांगणार नाही, ते तुझ्या कपाळाचं आहे. शाळेचंही आता बोलायचं नाही. फक्त एक दिवस आधी ये. इंदिराबाईंना चेहरा नाही, आणि डोळे मला काढता येत नाहीत. लडी तुझ्या मशीनच्या खणातच मिळाली, बट मी लावून बघितली, ती जमली. ओटीचे हरभरे गुरुवारी रात्री भिजत घालीन. किती बायका येतील काही अंदाज नाही, म्हणून किती घालू असं अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, नेहमीएवढेच घाल, कुणी नाहीच आलं तर आपण तिघी खाऊ.

तुझीच,
आई