सायमीच्या पायांखाली काय घालावे

मी, ओइवा काउकोरांता, बंदरावरचा निवृत्त क्रेनचालक, राहणार कोक्कोला, फिनलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. यकृत नाही. नाताळपलीकडचं काही धरून चालू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारी एकच व्यक्ती या घरात आहे, माझी बायको सायमी, आणि ती आत्ता सौनात, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीत, बसली आहे.

कलम १. राहते घर सायमीच्या ताब्यात तिच्या हयातीपर्यंत राहील. आमचा मुलगा यार्मो यास त्याचा कायदेशीर वाटा मिळेल. परंतु सायमी जिवंत असेपर्यंत घर विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, आणि "आई, तांपेरेत माझ्याजवळ एक छान फ्लॅट आहे बघ, लिफ्टवाला" हे वाक्य या घरात पुन्हा काढता येणार नाही. सायमीला दिसत नाही. कित्येक वर्षं झाली. तिला हे घर तळपायांनी पाठ आहे. आम्ही सगळेच घरात मोज्यांवर वावरतो, बूट दाराशी. पण आम्ही नुसते चालतो आणि ती चालता चालता वाचते. चुलीजवळ ऊब लागली की डावीकडे वळायचं, गार झोत आला की खिडकी. लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये तिला पाणी प्यायला जायचं तरी कुणाला तरी हाक मारावी लागेल. यार्मो, तुझं मन चांगलं आहे, पण हा विषय बंद.

कलम २. बैठकीची खोली. खरं म्हणजे हे सगळं मी या कलमासाठीच लिहायला बसलो.

या उन्हाळ्यात आम्ही तिथला जुना लाकडी तळ उखडला, जमीन तापवायला खाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून घेतल्या आणि वर काँक्रीट ओतलं. जुना तळ सायमीचा भाऊ राइनो याची देणगी. आपल्या रानातलं पाइन कापून त्याने हाताएवढ्या जाड फळ्या आणल्या होत्या. त्या वेळी जमीन तापवायला खाली विजेच्या तारा होत्या. जाड लाकूड म्हणजे तळावर घातलेली दुलईच. सगळी ऊब खाली उंदरांना, आम्ही वर कुडकुडतोय. शिवाय हिवाळ्यात फळ्या आकसून अशा फटी पडल्या, की त्यात सायमीचा चमचा गेला.

"लाकूड जिवंत असतं, ओइवा," राइनो मला शिकवायला लागला.

"मग त्याला तुझ्याच घरी नेऊन पोस," मी म्हणालो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. सबब, सदर फळ्या शेडमध्ये रचून ठेवल्या असून त्या सर्वच्या सर्व राइनो यास देण्यात याव्यात. न्यायला गाडी त्याची.

नवीन पट्ट्या घ्यायला मी आणि सायमी दुकानात गेलो. दारातच तिने बूट काढले. हेन्ना नावाची विक्रेती धावत आली. "इथं बूट चालतात हो!"

"तुझ्या दुकानाला चालत असतील," सायमी म्हणाली, "मला जमिनीशी बोलायचंय."

हेन्नाने नीट समजावलं. ऊब सगळ्यात चांगली वर येते ती लादीतून. त्याखालोखाल काँक्रीटला चिकटवलेलं पातळ व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं आवरण. मग थरांनी बनवलेल्या ओकच्या पातळ पट्ट्या. आणि जाड सबंध लाकडाचं नावच काढू नका. लादी सायमीला नको होती, हातातून पडेल ते फुटतं म्हणून. राहिलं व्हिनाइल. सायमीच्या पायांत रक्त नीट पोचत नाही, थंडीत बोटं निळी पडतात. मला दुसरा विचारच करायचा नव्हता. ती व्हिनाइलवर उभी राहिली.

"उबदार आहे," ती म्हणाली. "नको."

मग ओकवर गेली. "ओइवा, चाल बघू."

"कुठं?"

"कुठंही. जा आणि ये."

चार गिऱ्हाइकांसमोर मी मोज्यांवर येरझाऱ्या घातल्या. "हेच," ती म्हणाली. मी डोकं आपटलं, ऊब कमी म्हणून सांगितलं, ओल लागली तर फुगेल म्हणून सांगितलं. "पाय माझे," म्हणाली. झालं! खोके आले, खोलीतल्या हवेची सवय व्हावी म्हणून तिथेच पडून आहेत, आणि आमचं भांडण अजून चालू आहे.

तरी मी असे ठरवतो की, माझ्या पश्चात ते खोके दुकानास परत करून बैठकीच्या खोलीत व्हिनाइल चिकटवण्यात यावे. रोज संध्याकाळी तिचे पाय चोळायला मी नसणार. ते काम जमिनीने करावं.

कलम ३. होडी आणि जाळी शेजारीण तोइनी हिला. तिने दर नाताळात भेट दिलेले चिंध्यांचे गालिचे उन्हाळी झोपडीत न्यावेत. तापत्या जमिनीवर गालिचा अंथरणं म्हणजे विस्तवावर झाकण. तिचं मन मोडू नये म्हणून मी हे तोंडावर कधी बोललो नाही. हत्यारे व साखळी-करवत यार्मोला. अंत्यविधीला सॅमन माशाचं सूप आणि भरपूर कॉफी. राइनोने यावं, भाषण करू नये.

इथवर लिहिलं आणि सायमी सौनातून आली. "वाच," म्हणाली. वाचलं. राइनोच्या फळ्यांना ती खो खो हसली. व्हिनाइल आलं तसं तिने मला थांबवलं.

"व्हिनाइलवर तू मोज्यांनी चाललास की मला काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "ओक वाजतं. ठप ठप. दुकानात ऐकलं, म्हणून घेतलं."

"एवढ्यासाठी?"

"तू घरात कुठं आहेस ते मला कळायला नको?"

"अगं, मग सांगायचंस ना!"

"तू ऊब, ऊब करून कान किटवलेस. बोलू कधी?"

मी म्हणालो, हे कलम खोडतो. ओकच राहू दे.

"खोडू नकोस," ती म्हणाली. "तुझ्यामागे व्हिनाइलच घालू दे. त्या खोलीत मला दुसऱ्या कुणाची पावलं ऐकायची नाहीत."

सगळा उन्हाळा मी हा वाद जिंकायला धडपडत होतो. जिंकलो, आणि मला रडू फुटलं. तिलाही.

कलम ४. सबब कलम २ मध्ये पुढीलप्रमाणे बदल करतो. ओकच्या पट्ट्या परत करू नयेत. त्या येत्या शनिवारीच घालाव्यात, न चिकटवता, नुसत्या एकमेकींत अडकवून, म्हणजे पुढे उचलता येतील. माझे पाय चालतील तोवर मी त्यांवरून चालेन. नंतर त्या उचलून यार्मोने स्वतःच्या घरी न्याव्यात आणि इथे व्हिनाइल घालावे. एका खोलीत दोनदा तळ कोणी घालत नाही, असं हेन्ना म्हणेल. म्हणू दे.

यार्मो, शनिवारी सकाळी ये. दुपारवर ढकलू नकोस.

ठिकाण: कोक्कोला
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२१
(सही) ओइवा काउकोरांता

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. सही आमच्यादेखत झाली. आम्ही वारस नाही, नातेवाईक नाही. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार:
१. (सही) मार्त्ती हौताला, निवृत्त पोस्टमन
२. (सही) आइला निस्कानेन, ग्रंथपाल