सहाव्या फळीची खालची बाजू

मी, जया रंगनाथ कुदळे, वय ७२, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार फ्लॅट क्र. ७, कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी शुद्ध ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. "रागाच्या भरात लिहिताय का?" असे वकीलबाईंनी विचारले. होय. राग आणि शुद्ध एकाच वेळी असू शकतात. माझ्याकडे मार्चपासून दोन्ही आहेत.

१. फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला, स्वकष्टार्जित आहे. तो माझा मुलगा विक्रम व सून निकिता यांना निम्मा-निम्मा मिळावा. म्हणजे घरातली वस्तू बाहेर काढण्यापूर्वी विक्रमला कोणाला तरी विचारावे लागेल. त्याची एक अट कलम ६ मध्ये आहे.

२. बँकेतल्या ठेवींचे वारस बँकेत नोंदवले आहेत. त्यावर इथे शाई घालवत नाही.

३. करवती, रंधे, पटाश्या, गुण्या आणि पार्किंगमधले कामाचे बाक निकिताला. चोवीस वर्षे मी शनिवार-रविवारी अकरा ते एक या वेळात काम केले, कारण एकनंतर ठोकाठोकी केली की सोसायटीचे अध्यक्ष पोपटराव यांची झोप मोडते. पाडलेल्या बंगल्यांची दारे, खिडक्या, चौकटी आणून मी घर उभे केले. विक्रम ज्या टेबलावर अभ्यास करून इंजिनिअर झाला, त्या टेबलाचा पाय मोडला तेव्हा मी तो जुन्या खिडकीच्या सागवानातून बसवला. निकिता पहिल्यांदा खाली आली तेव्हा म्हणाली, "आई, हे किती रिलॅक्सिंग आहे." मी तिला काचकागद दिला. तीन तास घासल्यावर तिने तो शब्द परत वापरला नाही, पण पुढच्या शनिवारी आली.

४. घरातली एकही लाकडी वस्तू भंगारवाल्याला देऊ नये. नको असलेली निकिताने ठेवावी किंवा नीट मागणाऱ्याला द्यावी. 'भंगार' हा शब्द उच्चारणाऱ्याला काहीही देऊ नये.

या शब्दावरून काय घडले ते लिहिते, कारण नंतर "आईंचा स्वभावच तसा" एवढेच लोक सांगतील. बुधवार पेठेतल्या एका पुस्तकाच्या दुकानाची मांडणी मोडली, तेव्हा मी तिथून सहा सागवानी फळ्या आणल्या. चार महिने खिळे काढले, रंधा मारला. फेब्रुवारीत सोसायटीची नोटीस आली: 'पार्किंगमधील अडगळ सात दिवसांत हटवावी.' खाली सचिवाची सही. सचिव माझा मुलगा. नोटीस त्याने आमच्याच दाराखालून आत सरकवली आणि मग बेल वाजवून जेवायला आला.

मी दुर्लक्ष केले. होळीच्या दिवशी साताऱ्याहून बहिणीकडून परतले, स्वारगेटला रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशीच मला जळणाऱ्या सागाचा वास आला. पाच फळ्या सोसायटीच्या होळीत गेल्या होत्या. सहाव्या फळीवर निकिता बादलीने पाणी ओतत होती.

पोपटराव म्हणाले, "अहो वहिनी, होळीत कोणी पाणी ओततं का?"

ती म्हणाली, "मग होळीत कोणी सागवान जाळतं का?"

आणि विक्रम मला म्हणाला, "अगं आई, भंगार होतं ते. मंडळींनी विचारलं, मी म्हटलं न्या. टेबलच हवंय ना तुला? ऑनलाइन मागवू."

त्यानंतर मी त्याच्याशी मोजकेच बोलले आहे. भाजीत मीठ किती, एवढे.

५. माझ्यासाठी लाकूड जाळू नये. विद्युतदाहिनीत न्यावे. या सोसायटीने माझ्या वाट्याचे लाकूड आधीच जाळले आहे. ती नोटीस मी सागवानी चौकटीत बसवून ठेवली आहे, ती पोपटरावांना द्यावी. चौकट चांगली आहे, आतली नोटीस काढून टाकली तरी मला कळणार नाही.

६. अर्धी जळालेली सहावी फळी विक्रमला. ती बाकाखाली पालथी आहे. पेन्सिलीची खूण हाताने पुसली जाऊ नये म्हणून लिहिलेली बाजू खाली ठेवायची, ही माझी पद्धत तो लहानपणापासून बघत आला आहे. त्या दिवशी त्याने एकही फळी उलटून पाहिली नाही. सहाही फळ्यांवर एकच मजकूर होता: 'विक्रमची पन्नाशी, जेवणाचे टेबल, सहा माणसे.' आता 'विक्रमची पन्ना' एवढे वाचता येते. त्याचा वाढदिवस मेमध्ये होता.

हे मी त्याला सांगितलेले नाही. सांगितले असते तर तो रडला असता आणि मला त्याची समजूत घालावी लागली असती. मला समजूत घालायची नव्हती. मला रागवायचे होते.

त्या फळीत एक खिळा मी मुद्दाम ठेवला आहे. गंजलेला आहे, ओढला की डोके तुटते. विक्रमने तो स्वतः, फळी न चिरता, अख्खा काढावा. निकिता शेजारी बसून दाखवेल, हात लावणार नाही. खिळा निघेपर्यंत कलम १ मधला हिस्सा त्याला मिळणार नाही. वकीलबाई म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही.

विक्रम कोर्टात जाणार नाही.

वाचून, पुन्हा वाचून, एकही शब्द न खोडता सही केली.

(सही) जया रंगनाथ कुदळे

यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. दत्तोबा गणपत शेवाळे, टपाल खात्यातले सहकारी
२. डॉ. शर्मिला अनंत बेंद्रे, दाखला देणाऱ्या

पुणे, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, दुपारी एकच्या आत.