तांत्रिक पुस्तकांच्या प्रकाशिकेची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय तांत्रिक पुस्तकांचे प्रकाशन (आता बंद), माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, "बाई, मुद्द्याचं तेवढंच लिहा." आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर कापत आले. स्वतःचा कापणार नाही.

१. राहते घर माझ्या भाचीला द्यावे. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. माझ्या आजारपणात तिनेच सगळे केले आणि एकदाही बोलून दाखवले नाही. घर विकावे, भाड्याने द्यावे, तिची मर्जी. पुढच्या खोलीतली पुस्तकांची फडताळे मात्र भिंतीत पक्की बसवलेली आहेत. उखडायला गेल्यास भिंतही सोबत येईल, तेव्हा मला नावे ठेवू नयेत.

२. बँकेतल्या शिलकेतून माझे औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते तिचेच.

३. कागद कापायचे यंत्र बाइंडरला द्यावे. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तो आमच्याकडे होता. दुकान बंद झाले त्या दिवशीही तो यंत्राला तेल घालत बसला होता. मी म्हटले, "आता कशाला?" तर म्हणाला, "काम थांबलं म्हणून गंजू द्यायचं का, ताई?"

४. आमच्या घाऊक विक्रेत्याला काहीही देऊ नये. त्याने शेवटची खोकी न फोडताच परत आणून टाकली आणि माझ्याच पंख्याखाली, माझाच चहा पीत मला सांगितले, "हे सगळं आता फुकट मिळतं, बाई." खरे होते, म्हणूनच झोंबले. भेटायला आला तर बसू द्यावे. चहा विचारू नये.

५. आता पुस्तकांचे हक्क. वडिलांनी मोटारदुरुस्ती आणि वायरिंग छापले, मी संगणक. आमचा संसार ज्या एका पुस्तकावर चालला ते प्रोग्रॅमिंगचे. त्याचे लेखक तंत्रनिकेतनात शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नवी आवृत्ती निघायची असली की शिकवणे आटोपून ते माझ्या टेबलासमोर येऊन बसत. मी त्यांची लांबलचक वाक्ये तोडायची, त्यांनी ती पुन्हा जोडायची. "एवढं सोपं केलंत तर मला पगार कोण देईल?" ही त्यांची नेहमीची तक्रार. ते विधुर, मी एकटी. लोकांनी काय तर्क करायचे ते केले. आम्ही दोघांनी मात्र प्रूफांपलीकडे कधी काही तपासले नाही.

पुढे इंटरनेटवर प्रश्नोत्तरांच्या जागा निघाल्या. अडलेल्याने प्रश्न टाकायचा, जाणत्याने उत्तर द्यायचे, पैसे कुणालाच नाहीत. विद्यार्थी दुकानात येऊन पानाचा फोटो काढून जाऊ लागले. मग तेवढ्यासाठीही येईनासे झाले. आणि कळले की तिथे हिरिरीने उत्तरे देणाऱ्यांत आमचे मास्तर आहेत.

"स्वतःच्याच पुस्तकाच्या पोटावर पाय देताय तुम्ही," मी म्हटले.

"पोरं अडतात, बाई. पुस्तकाला उलटून विचारता येत नाही."

"आणि माझ्या माणसांनी काय खायचं? तुमची उत्तरं?"

त्यांनी पिशवी उचलली आणि गेले. पुढच्या आवृत्तीला आले नाहीत. पुढची आवृत्ती निघालीच नाही.

दुकान बंद झाल्यावर दुपार खायला उठू लागली. इतकी वर्षे छापलेले ते पुस्तक मी पहिल्यांदाच शिकायला घेतले. अडले, तेव्हा भाचीच्या जुन्या लॅपटॉपवरून त्याच फुकट्या जागेवर टोपणनावाने प्रश्न टाकला. उत्तर मास्तरांचे आले. वाक्यांचे तेच वळण, तोच धीर. मग मी रोज अडू लागले. पुढेपुढे तर येत असूनही अडत होते. एकदा सवयीने प्रश्नाखाली लिहून गेले, 'सवडीने सांगावे, पण पुरते सांगावे.' प्रूफांच्या समासात मी त्यांना हेच लिहीत असे. उत्तर आले: "पुरतं सांगतो. बाई, गुडघे कसे आहेत?"

मी लॅपटॉप मिटला. नंतर कितीदा तरी उघडला, पण नवा प्रश्न टाकला नाही.

मात्र त्या जागेवर मी इतरांचेही प्रश्न वाचत बसे. कुणी कारखान्यातला, कुणी मूल निजवून शिकणारी आई. ही माणसे माझ्या दुकानाची पायरी कधीच चढली नसती. एक कंपनी आमचे सगळे हक्क विकत मागते आहे. भाची म्हणते, "मावशी, देऊन टाक ना, कोण विचारतंय आता त्यांना?" तिने रागावू नये. हक्क विकायचे नाहीत. लेखकांची संमती घेऊन सर्व पुस्तके इंटरनेटवर खुली करावीत. ज्याला लागेल त्याने वाचावी, चुकले असेल ते सुधारावे.

६. मास्तरांना काय द्यावे यावर बरेच दिवस घालवले. त्यांच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्या असलेली पहिली प्रत बाजूला काढून ठेवली होती. वकिलांना सहज विचारले, मास्तरच साक्षीदार झाले तर? वकील म्हणाले, "साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. वाटेकरी करा नाहीतर साक्षीदार, एकच काय ते ठरवा."

मास्तर आता परगावी असतात. मी फोन लावला. "मास्तर, माझ्याकडून तुम्हाला काहीही मिळणार नाही. आणि ते न मिळण्यासाठी तुम्हाला एवढा प्रवास करून यावं लागेल."

पलीकडे वहीचे पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पत्ता तोच ना?"

तेव्हा पहिली प्रतही भाचीलाच. मास्तर आत्ता समोर बसले आहेत. केस पांढरे झालेत, पाणी अजून तसेच घोटघोट पितात. वकील घड्याळ बघताहेत. मास्तरांची परतीची गाडी संध्याकाळची आहे. मी सही केली की त्यांनी करायची, आणि त्यांचे काम संपले. त्यांना इतक्यात जाऊ द्यायचे नाही, म्हणून हे कलम लांबवते आहे. वकिलांनी ते कापू नये.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: आजचाच, दुपार कलल्यावर

सही: प्रकाशक

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, समोरच्या इमारतीतल्या. बाईंनी माझ्यासमोर, स्वेच्छेने सही केली.
२. मास्तर, लेखक. माझ्याही समोर केली. गाडी सोडून दिली आहे.